ताणाचा उन्हाळा

पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की आमच्या अंगणातला खांब तेल सोडू लागतो. खांब सागवानी आहे, जमिनीच्या वर साडेआठ फूट आणि जमिनीत तीन. गेली चार वर्षं त्याला कोणी तेल लावलेलं नाही. बायको त्याला कपड्यांची दोरी बांधते. पण एके काळी त्यात जिरलेलं एरंडीचं तेल अजून आत आहे आणि मे महिन्याच्या दुपारी ते घामासारखं वर येतं. बोट लावलं तर चिकट लागतं. वास जड असतो. त्यात तापलेल्या मातीचा आणि शेजारच्या कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास मिसळला की मला एक ठरावीक उन्हाळा आठवतो. तेव्हा कुंदा, माझी एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची होती आणि आठवीत जाणार होती.

माझा धंदा मोजण्याचा. मी भूमापन खात्यात आहे. साखळी, टेप, खुंट्या आणि नकाशा यांत माझी पंचवीस वर्षं गेली. बांध हातभर इकडे की तिकडे यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून आकडा पक्का असल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरातही तसंच. खिडकीचा पडदा शिवायचा तरी मी दोनदा मोजून देतो. शांता, माझी बायको, म्हणते, "लग्नाच्या वेळी माझी उंची नाही मोजली तेवढीच राह्यली." मोजली होती. पाच फूट अर्धा इंच. सांगितलं नाही एवढंच.

मल्लखांबाचं वेड कुंदाला नागपंचमीच्या दिवशी लागलं. महाल भागातल्या एका आखाड्यात मुलं खांबावर कसरती करतात, ते तिने भिंतीवरून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर ती पायाची पकड घालून उलटी लटकलेली सापडली. लाइनमन घरी आला. "साहेब, पोरगी तुमची का? उतरवा तिले. वर तार आहे." मी खाली उभा राहून उंची पाहिली. ती अकरा फुटांवर होती आणि हसत होती.

त्या आखाड्यात मुलींनी यायची पद्धत नव्हती. पण सहा महिने झाले तरी तिचं वेड उतरेना, तेव्हा मार्च लागताच मी तिथल्या वस्तादांकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं तिखट. मी काय काम करतो ते ऐकल्यापासून ते मला मोजणीवालेच म्हणत.

"खांब घरी गाडा मोजणीवाले," ते म्हणाले. "मी सांगतो, तुमी लिवून घ्या, पोरगी करन. पंधरा ऑगस्टले आमच्या कसरती राह्यते मैदानावर. तवापर्यंत तयार झाली त मी उभी करीन तिले. पोरगी आहे म्हणून नाही म्हननार नाही. पन मी सोता पाह्यल्याशिवाय होबी म्हननार नाही."

मी घरी येऊन हे कुंदाला सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून तिने ऑगस्ट काढला, पंधरावर पेन्सिलीने गोल केला आणि पानं परत मार्चवर आणली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

खांबाची मापं मी वस्तादांकडून घेतली. मोठ्या माणसांच्या खांबाचा घेर खाली एकवीस इंच असतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या मांड्यांना तो जास्त होईल, म्हणून मी सुताराला खाली अठरा आणि वर अकरा असा निमुळता करायला सांगितला. वर बारीक मान आणि मानेवर बोंड. सुतार म्हणाला, "साहेब, एवढ्या बारीक हिशोबात त लोकं दरवाजाची चौकटबी नाही करत." खांब गाडला, मुरूम ठोकला, खाली वाळू पसरली. वस्तीला दिसू नये म्हणून मी भोवती तट्टे उभे केले. तट्टे सहा फुटी, खांब साडेआठ फुटी. हे गणित माझ्या लक्षात तट्टे बांधून झाल्यावर आलं. वरचे अडीच फूट सगळ्या वस्तीला दिसत आणि कुंदाचं नाटक नेमकं त्या अडीच फुटांतच चाले. दोन पाय आधी वर येत, मग पाय नाहीसे होऊन डोकं येई.

शेजारच्या बाई एकदा ओट्यावरून म्हणाल्या, "काहो शांताबाई, घरी पोरगी आहे का वानर पोसून राहिले?"

शांता गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वानरच आहे. तुमच्या कवेलूवर आलं नाही ना अजून? आलं की सांगजा."

पुढे त्याच बाई दुपारी आपला पाट घेऊन ओट्यावर बसू लागल्या आणि कुंदा घसरली की "अव माय" म्हणू लागल्या.

आता अडचण अशी होती की धुळवडीला वस्ताद सायकलवरून पडले. नडगीचं हाड मोडलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. ते खाटेला खिळले. आणि मला त्या उन्हाळ्यात नरखेड तालुक्यात मोजणी लागली होती. सोमवारी पहिल्या एसटीने जायचं, शनिवारी संध्याकाळी परतायचं. म्हणजे शिकवणारा खाटेवर, लिहून घेणारा गावोगाव आणि शिकणारी एकटी अंगणात. शनिवारी मी घरी येण्याआधी वस्तादांकडे जाई, ते झोपल्या झोपल्या हातांच्या बोटांनी कसरत दाखवत. दोन बोटं म्हणजे पाय, दुसऱ्या हाताची मूठ म्हणजे खांब. मी वहीत लिहून घेई. "उजवा गुडघा आत. टाच खांबाला. मग हात सोडणे." रविवारी सकाळी मी ते कुंदाला वाचून दाखवी.

पायांच्या पकडीला अढी म्हणतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शांता आतून म्हणाली, "अढी त आंब्याची राह्यते." कुंदाने खांबावर उलटं लटकून सांगितलं, "मग मी पिकून राहिली ना आई."

खांबावरचं ती लवकर शिकली. त्यात मला काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यात पडलो नाही. पण शेवटच्या कसरतीसाठी अंग मागे वळावं लागत होतं. मांड्यांनी खांब धरून, पाठ मागे वाकवून डोकं टाचांना टेकवायचं, याला वस्ताद कमान म्हणत. कमान आली तरच मैदानावर, नाहीतर पुढल्या वर्षी. त्याची तयारी जमिनीवर करायची. पोटावर झोपायचं, छाती उचलायची, पाय मागून डोक्याकडे आणायचे. सगळ्या कामात मोजण्यासारखं हे एवढंच होतं, आणि ते मी माझ्याकडे घेतलं.

पहिल्या रविवारी टाच आणि डोकं यांत साडेबारा इंचांचं अंतर होतं. मी वहीत लिहिलं. दर रविवारी सात वाजता, आंघोळीआधी, त्याच चटईवर, त्याच टेपने. अकरा. पावणेदहा. साडेआठ. एका रविवारी नऊ आले तर मला दिवसभर करमलं नाही. मी टेप शिवणकामाच्या पट्टीशी ताडून पाहिला. टेप बरोबर होता. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझं हे ताडणं पाहत होती, हे मला आठवतं. पुढच्या रविवारी सात आले. एकदम दोन इंच. मी तिला जवळ घेतलं आणि बर्डीच्या बाजारात नेऊन उसाचा रस पाजला.

मेच्या सुरुवातीला नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत माझं काम होतं. बागेची झाडं मलूल, पानं मुडपलेली. विहिरीत पाणी दिसत होतं, पण मोटरपंप बंद. मला वाटलं मोटर जळली असेल. मालक होते देवराव पाटील. ते म्हणाले, "नाही जी, मोटर चांगली आहे. झाडाले ताण देऊन राहिलो."

पाऊस पडल्यावर झाडाने फुटून बहर धरावा म्हणून उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडतात, याला ताण देणं म्हणतात. हे मला ऐकून माहीत होतं. मी विचारलं, "किती दिवसांचा ताण?"

"पकडा महिनाभर. पन दिवसाच्या भरोशावर नाही राहता येत साहेब. रोज सकाळी बागेत येऊन पानं पाहा लागते. पान किती मुडपलं, सकाळी उलगडते का नाही. जास्त झालं की झाड बहर नाही देत, मरते."

मी वहीत लिहिलं, "संत्रा, ताण, तीस दिवस." आणि रविवारी घरी आल्यावर कुंदाला मोठ्या उत्साहाने सांगितलं, "पाहा, ताण दिल्याशिवाय झाडसुद्धा बहर देत नाही." तिने ते वाक्य खडूने अंगणाच्या भिंतीवर लिहिलं, खाली रेघ मारून. सकाळी व्यायाम करताना ते तिच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून. देवरावांचं पुढचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. लपवायचं काहीच नव्हतं. ते माझ्या वहीत उतरलं नव्हतं, एवढंच.

शांता तेव्हा एक-दोनदा बोलली. "पोरगी उठताना कुशीवर होऊन उठून राहिली. पाटावर बसत नाही, उभ्यानं जेवते. तुमी पाह्यलं का?"

मी म्हणालो, "रविवारी पाहतो." रविवारी मी पाहिलं. पाच इंच. मी शांताला आकडा दाखवला. ती म्हणाली, "हे काहून दाखवता मले?" आणि आत गेली.

प्रश्न होता वस्तादांना दाखवायचं कसं. ते येऊ शकत नव्हते आणि पाहिल्याशिवाय हो म्हणणार नव्हते. शांताचा भाऊ मनोहर बर्डीवर एका फोटोच्या दुकानात कामाला होता. दुकानमालकाकडे लग्नाच्या शूटिंगसाठी चावीचा छोटा सिनेकॅमेरा होता. मनोहर म्हणाला, "भाऊजी, वस्ताद खांबाकडे येत नसन त खांब वस्तादाकडे नेऊ ना. एक रीळ मी जुगाडतो."

एक रीळ म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. आवाज नाही. धुवायला मुंबईला पाठवायचं. एकच रीळ म्हणून मी आठवडाभर आधी तक्ता केला. सलामी दहा सेकंद. चढणं आठ. अढ्या पंचेचाळीस. घड्याळ लावून कुंदाकडून तीनदा करून घेतलं. शेवटी मी माझं एक कलम घातलं, जमिनीवरची कमान आणि टेपचं माप, पंचवीस सेकंद. मनोहर म्हणाला, "भाऊजी, टेप काहून? थे काय कपडा घेऊन राहिले?" मी म्हणालो, "वस्तादांना आकडा दिसला पाहिजे."

मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता शूटिंग झालं. उजेड हवा म्हणून मी तट्टे काढले. सगळी वस्ती जमली. मनोहर खाली वाळूत पालथा पडला, मग ओट्यावर चढला, मग शेजारच्या बाईंच्या पाटावर. कुंदाने मनोहरची जुनी हाफपँट कमरेला नाड्याने आवळली होती, कारण कापड खांबाला लागलं की घसरतं, अंगच लागतं. हातापायांना तेल. सलामी झाली, चढली, आणि नेमकी पहिल्या अढीला असताना आमची मांजर खांबाजवळ येऊन वाळूत खड्डा करू लागली. मनोहरचा कॅमेरा मांजरीकडे वळला. मी ओरडलो. बारा सेकंद गेले. माझा तक्ता कोलमडला, कुंदा उलटी लटकलेली हसत होती, आणि बाई म्हणत होत्या, "मले बी घे ना रे त्याच्यात."

मग चटईवरची कमान. मी तिच्या पायांशी गुडघ्यांवर बसलो, टेप धरला. पाच इंच बरोबर.

रीळ मुंबईला जाऊन धुऊन यायला एकोणीस दिवस लागले. ते मी मोजले होते, कारण रीळ कधी येतं याची वाट पाहत होतो. आता मला ते एकोणीस दिवस दुसऱ्या कारणाने लक्षात आहेत. मधल्या दोन रविवारी पाचाचे साडेतीन झाले आणि साडेतीनाचे दोन.

यंदा कुंदा सुट्टीत आली होती. रामटेकला शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मी तिला विचारलं, त्या उन्हाळ्यातलं तुला काय आठवतं? माझी तयारी होती काहीतरी ऐकण्याची. ती म्हणाली, "मांजर. आणि बर्डीचा रस. त्यात बर्फ लय होता." मी म्हटलं, "आणि दुखणं?" ती म्हणाली, "होतं ना. पण रस जास्त आठवतो." हे खरं असेल. किंवा तिने मला सोडलं असेल. मी पुढे विचारलं नाही.

रीळ आलं त्यानंतरच्या रविवारी दुपारी दोनला आम्ही वस्तादांच्या घरी जमलो. मनोहरने दुकानातून प्रोजेक्टर आणला. खोलीत अंधार हवा म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या. बाहेर जूनचं ऊन, आत कोंडलेली हवा, प्रोजेक्टरची गरमी. वस्ताद खाटेवर तीन उशांना टेकून, प्लास्टरचा पाय लांब करून. कुंदा माझ्याशेजारी सतरंजीवर, गुडघे पोटाशी. भिंतीवर चुना होता, त्यावरच चित्र पाडलं.

रीळ चांगलं उतरलं होतं. सलामी, चढणं, अढ्या. मांजर आली तेव्हा वस्ताद हसले. "हिले घ्या आखाड्यात." अढ्या पाहताना ते मान हलवत होते. मग चटई, माझी पाठ, टेप. भिंतीवर पांढरा उजेड आला आणि रीळ फडफडलं.

"पकड चांगली आहे वं तुही," वस्ताद कुंदाला म्हणाले. मी श्वास सोडला.

मनोहरला गंमत सुचली. प्रोजेक्टरला उलटं चालवायचा खटका होता. "आता पाहा मजा," म्हणून त्याने तेच रीळ मागे चालवलं. टेप माझ्या हातात परत गुंडाळला गेला. माणसं मागच्या पावलांनी चालली. आम्ही सगळे हसत होतो, वस्तादांची नातसुद्धा दारातून डोकावून हसत होती. कुंदा कमानीतून सरळ होत होती, म्हणजे खरं तर कमानीत जाताना जे केलं ते उलटं होत होतं.

वस्तादांचं हसणं थांबलं. "थांब गा. तेवढंच पुन्हा लाव. सुलटं."

मनोहरने लावलं. मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दर रविवारी मी तिच्या टाचांशी बसत होतो. तिचं तोंड माझ्या विरुद्ध दिशेला असायचं. दहा-अकरा रविवार मी तिचे पाय आणि टेपचा आकडा पाहिला होता. आता भिंतीवर तिचा चेहरा माझ्या हातभर उंचीचा होता. ओठ दातांखाली. डोळे मिटलेले नाहीत, एकाच जागी रोखलेले, आणि त्या जागी खडूची ओळ असणार हे मला माहीत होतं. मग चौकटीत माझा टेप धरलेला हात आला. हात दिसताच तिने श्वास ओढला आणि अंग एका झटक्याने मागे मोडलं. पाठ गोल झाली नाही. कमरेच्या वर एका जागी बिजागरीसारखी दुमडली. टेप पाच इंच दाखवत होता.

"मोजणीवाले," वस्ताद म्हणाले, "खांदे हललेच नाही तिचे. छाती तशीच आहे. कमरेतून मोडून राहिली पोरगी. कधीपासून?"

एकदम दोन इंच कमी झाले तो रविवार मला आठवला.

"ए पोरी, इकडं ये. दुखते का?"

"नाही," कुंदा म्हणाली.

त्यांनी तिला खाटेशी पाठमोरं बसवलं आणि अंगठ्याने मणक्यावरून खाली येत एका जागी दाबलं. ती ओरडली नाही. तिच्या हातांच्या मुठी झाल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं. "नाही दुखत," ती पुन्हा म्हणाली. "पंधरा ऑगस्टपर्यंत होते मी तयार. दोनच इंच राहिले."

वस्ताद तिच्याशी नंतर हळू बोलले, पण माझ्याशी नाही. "डॉक्टरले दाखवा. खांब बंद. ऑगस्ट बंद. आन बरी झाल्यावरबी मी तिले खांबावर तवाच चढू देईन, जवा ही आपल्या तोंडानं, कोणी न पुसता, बस म्हनन. जिले बस म्हनता येत नाही तिले मी साडेआठ फुटावर नाही सोडत. वरून पडन थे. तुमी पुसाचं नाही, सुचवाचं नाही. समजलं का गा?"

डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत निघालं. कमरेचे स्नायू सुजले होते. सहा आठवडे फळीवर झोपणं, मग हलका व्यायाम. कुंदाने कॅलेंडरवरचा गोल खोडरबराने पुसला तो मी कामावरून आल्यावर पाहिला. पंधरा ऑगस्टला आम्ही मैदानावर गेलो नाही. लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. ती दिवसभर शांताबरोबर शेवया मोडत बसली.

पावसाळ्यात मोजणी बंद असते, मी घरी होतो. सहा आठवडे जुलैअखेरच संपले होते. वस्तादांनी नवा व्यायाम सांगितला होता. भिंतीशी उभं राहून खांदे उघडायचे, खूप सावकाश, टाचा-डोक्याचं नावच नाही. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसू लागलो. पाठीमागे नाही, समोर. पहिले काही दिवस तिला ते आवडलं नाही. "बाबा, तुम्ही असं काय पाहता?"

"पाहतो," मी म्हणायचो.

आणि ती बस म्हणत नव्हती. भुवई चढायची, ओठ आत जायचे, मला दिसायचं की आता पुरे झालं, पण ती थांबत नसे. मी विचारायचं नाही असं ठरलेलं. विचारलं तर तो तिचा शब्द राहिला नसता. मोजणीत दोन माणसं लागतात, एक साखळीच्या या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दुसऱ्याने हाक दिल्याशिवाय पहिल्याला वाचता येत नाही. पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आणि घरात दोन्ही टोकं मीच धरून बसलो होतो, हे मला त्या भिंतीसमोर कळलं. मग तिने अंग फार ताणू नये म्हणून मी वीस मिनिटं झाली की उठून बंबात पाणी घालायला जाई, म्हणजे व्यायाम आपोआप संपे. शांता म्हणाली, "हेबी फसवणंच आहे." खरं होतं. मी ते बंद केलं.

पोळा झाला, गणपती झाले. एका सकाळी, ढगाळ होतं, ती भिंतीशी हात वर करून मागे वाकत होती. छान वळत होती. पाठीची खरी कमान होत होती, खांद्यांपासून. इतकी सुंदर की माझ्या तोंडात शब्द आले, "अजून थोडं." आले आणि बाहेर पडलेसुद्धा.

तिने हात खाली घेतले. सरळ उभी राहिली. "बस," ती म्हणाली.

मी बसल्या जागेवरून अर्धा उठलो.

"बस म्हणलं ना बाबा. आज डावीकडे ओढते. उद्या पाहीन." आणि आत जाऊन आईला म्हणाली, "भूक लागली."

मी सायकल काढली. महालापर्यंत साडेतीन मैल होते. वस्ताद तोवर काठी घेऊन आखाड्यात बसू लागले होते. खांबाभोवती आठ-दहा मुलं होती, कोणी तेल चोळत होतं, कोणी वर लटकलेलं. मी त्यांना जे झालं ते सांगितलं, माझं "अजून थोडं" धरून.

त्यांनी ऐकून घेतलं. "कितीक वळली होती तवा?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मोजलं नाही."

वस्तादांनी काठी जमिनीवर आपटली, सगळी मुलं वळून उभी राहिली.

"ए पोट्टेहो, उद्या सकाळी इथं एक पोरगी येऊन राहिली शिकाले. उद्यापासून समदे लंगोटावर चड्ड्या घालून याचं."